धाकटीचं जोडवं

अक्कांना पहिल्याच दिवशी मी पुरुषाचे पाय लावले. तेही बुटांसकट.

खरे नव्हेत, चष्म्यातले. जळगावात मेहरूण तलावाच्या अंगाला आमचं एक लहानसं केंद्र आहे. हात किंवा पाय गमावलेली माणसं तिथे कृत्रिम अवयव बसवून घ्यायला आणि ते वापरायला शिकायला येतात. एका दात्याच्या कृपेने तिथे आभासी जग दाखवणारं मशीन आलं. डोळ्यांवर डब्यासारखा चष्मा चढवला की माणूस खुर्चीत बसल्या जागी दुसरीकडे पोहोचतो, आणि खाली वाकून पाहिलं की त्याला आपले दोन्ही पाय शाबूत दिसतात. गेलेला पायसुद्धा. गुडघ्याला एक पट्टा बांधलेला असतो, त्याच्या इशाऱ्यावर तो पाय हलतोही. हे मशीन चालवायला मला नेमलं होतं. माझं गाव धुळे, शिक्षण कॉम्प्युटरचं, आणि ट्रेनिंग तीन दिवसांचं. त्यातलं जेवण फार छान होतं, एवढं मला नीट आठवतं.

मशीनमधला माणूस तयार करताना बाई की पुरुष, वय किती, वर्ण कसा, हे सगळं निवडावं लागतं. मी काहीच निवडलं नाही. मोबाइलवर आपण सगळेच करतो तसं 'पुढे, पुढे' दाबत गेलो. अक्कांनी चष्मा घातला, लुगडं सावरत खाली पाहिलं, आणि तशाच वाकून पाहत राहिल्या. मला वाटलं, बाई भारावल्या.

"हे कोनाचे पाय हायेत?"

"तुमचेच, अक्का."

"माहे?" त्या शांतपणे म्हणाल्या. "मंग पोटरीवरचे केस कोनाचे?"

शेजारी बसलेल्या नानांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, टोपी तोंडावर धरली. त्यांचे खांदे हलत होते.

अक्का सावद्याच्या पलीकडच्या एका गावच्या. घरची केळी. भरलेली ट्रॉली मागे घेताना तिचं चाक अक्कांच्या डाव्या पायावरून गेलं आणि पाय गुडघ्याखाली कापावा लागला. ही हकिगत सांगताना लोक आवाज खाली आणत. अक्का मात्र गेलेल्या पायाबद्दल असं बोलत, जशी घरातली एखादी पोर न सांगता माहेरी निघून गेली आहे. उजव्या पायाला त्या 'थोरली' म्हणत, डाव्याला 'धाकटी'. "थोरली गरीब हाये, निमूट राबते. धाकटी पयल्यापासून नखऱ्याची. गेली तर गेली, पन जाऊन बी मले झोपू देत नाही."

हे अगदी खरं होतं. धाकटी नव्हती, पण दुखत होती. आमच्या फिजिओथेरपीच्या मॅडम म्हणायच्या, पाय गेल्याची खबर मेंदूला कुणी नीट दिलेली नसते, तो बिचारा जुन्या पत्त्यावर निरोप पाठवत राहतो. अक्कांच्या बाबतीत निरोप एकच होता. जोडवं चावतंय. पाय गेला त्या दिवशी तो सुजला होता आणि बोटातलं जोडवं मांसात रुतलं होतं. तेच रुतणं मागे राहिलं होतं. प्रत्यक्षात ते जोडवं दवाखान्यातल्या सिस्टरने धुऊन, कापसात गुंडाळून नानांच्या हातात दिलं होतं, आणि नाना ते बंडीच्या खिशात घेऊन फिरत. "माह्या खिशात हाये अन् हिले चावते," ते म्हणत. "मले तर कधी चावलं नाही."

नानांची थट्टा वेगळी, पण या चावण्यापायी अक्कांचा सगळा गाडा अडला होता. कृत्रिम पाय तयार होता. तो चढवून उभं राहिलं की नसलेल्या बोटात अशी कळ जाई की अक्का मटकन खाली बसत. आणि घाई होती. त्यांच्या बागेत नुकतीच केळफुलं बाहेर पडली होती. तिथून घड कापणीला यायला साधारण तीन महिने. दर वर्षी कापणीच्या पहिल्या दिवशी अक्का चालत बागेत जात, पहिल्या केळीला हळदकुंकू लावत, आणि मगच नाना पहिला घड उतरवत. लग्न होऊन आल्यापासून हे एकदाही चुकलं नव्हतं. मुलगा म्हणाला, आई, आम्ही तुला खुर्चीवर बसवून नेऊ. अक्का म्हणाल्या, "खुर्चीवर जायाले मी काय उद्घाटनाले आलेली मंत्री हाये?" चालत जाईन, नाहीतर जाणार नाही. आणि मी गेले नाही तर, हे त्या बोलल्या नाहीत, पण नाना एकदा मला बाहेर चहा पाजताना बोलले, "ती जर या साली बागेत गेली नाही ना भो, तर मंग ती खाटेवरून उठनारच नाही. मी वळखतो तिले."

एवढी जोखीम असताना मी दुसऱ्या दिवशी काय करावं? पुरुषाचे पाय काढले आणि घाईघाईत बाईचे लावले. मशीनमध्ये बाईचे पाय एकाच प्रकारचे होते. दुधासारखे गोरे, नखांना लाल रंग आणि चार बोटं उंच टाचेच्या चपला. अक्कांनी पाहिलं. "हे कोन्या नटीचे उचलले?" समोरच्या पडद्यावर तेच चित्र नानांनाही दिसत होतं. ते पुढे सरकून बघत म्हणाले, "ऱ्हाऊ दे ना, बरे हायेत." त्यानंतर नानांना दोन दिवस व्हरांड्यात बसवण्यात आलं.

शेवटी मी अक्कांच्या उजव्या पायाचे फोटो काढले, सगळ्या बाजूंनी. टाचेच्या भेगा, उन्हाने रापलेली कातडी, केळीच्या चिकाचे न जाणारे काळे डाग, सगळं. ते मशीनमध्ये चढवलं, आणि डावा पाय म्हणून तोच आरशातल्यासारखा उलटा करून लावला. मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की मी धुळ्याला आईला फोन करून सांगितलं. अक्कांनी पाहिलं आणि त्यांचा हात तोंडावर गेला. "अय माय... आली." मग डोळे बारीक केले असावेत, कारण आवाज बदलला. "पन हे नख काळं कसं? ठेच थोरलीले लागली व्हती, धाकटीले नाही."

"अक्का, बठ्ठं नीट करस," मी घाबरून धुळ्याच्या बोलीवर गेलो. घाबरलो की माझं असं होतं. "एकच मिनिट लागनार शे."

"तुहं 'शे' धुळ्याले ठेव. अन् नख ऱ्हाऊ दे. बहिनी हायेत, सारख्या दिसतीन."

उलट्या फोटोबरोबर जोडवंही आलं होतं. अक्कांना ते दिसलं तशा त्या पुढे झुकल्या. "हेच! हेच चावून ऱ्हायलं." इतके महिने जे कुणाला दाखवता येत नव्हतं ते आता समोर होतं. मॅडमच्या डोळ्यांत आनंद दिसला. आणि नेमकं तेव्हा, सगळं छान चाललं असताना, माझ्या डोक्यात उजेड पडला. जोडवं चावतंय ना? मग जोडवंच काढून टाकू. एक बटण दाबायचं काम. मी तसं मोठ्याने म्हणालोही, "अक्का, जोडवं काढूनच टाकतो, प्रश्नच मिटला," आणि दाबलं.

अक्कांनी चष्मा उपटून काढला. इतक्या जोरात की त्याचा पट्टा तुटला. नाना उभे राहिले. त्यांचा चेहरा असा झाला होता, जसा मी त्यांच्या देखत त्यांचाच फोटो भिंतीवर लावून त्याला हार घातला आहे. आमच्याकडे जोडवी कधी उतरतात हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. माझ्या आईच्या पायात ती आहेत, तीन बहिणींच्या पायात आहेत. पण पडद्यावर दिसलं की मला सगळंच चित्र वाटतं. तेवढ्यापुरता मी कुणाचा मुलगा नसतो, कुणाचा भाऊ नसतो, नुसता बटण दाबणारा असतो.

"मी जिता हाये रे भो," नाना एवढंच म्हणाले.

पुढच्या आठवड्यात दोघं आले नाहीत. मॅडमनी चष्म्याचा तो तुटलेला पट्टा माझ्या टेबलावर आणून ठेवला. त्याच्या पुढच्या सोमवारी मी मोटरसायकल काढली आणि सावद्याच्या रस्त्याला लागलो. माफी कशी मागायची याची वाटभर तालीम केली. अक्का ओट्यावर खाटेवर बसल्या होत्या. मी पाया पडायला वाकलो आणि सवयीने दोन्ही हात पुढे केले. एक हात हवेत राहिला.

"धाकटीच्या बी पाया पडला," अक्का नानांना म्हणाल्या. "चाला, पोरगं वाईट नाही. येडं हाये."

मग चहा आला, आणि चहाबरोबर उपाय. अक्कांनी तो आठवडाभर मनात घोळवून ठेवला असावा. "मले सांग, जोडवं रुतलं तर बाई सोनाराकडं जाते. सोनार काय करतो? काढून फेकतो? अरे, दोन टोकं धरून जरासं फाकवतो. सैल करतो. बाईचं सौभाग्य बी ऱ्हातं अन् बोट बी ऱ्हातं. तुह्या मशीनीत सोनार नाही काय?"

मशीनमध्ये सोनार नव्हता. समुद्र होता, बर्फाचे डोंगर होते, एक उडता गालिचाही होता. मी परत येऊन चार दिवस बसलो आणि जोडव्याची दोन टोकं वेगळी केली, मशीनबरोबर येणाऱ्या, हातात धरायच्या दांडीने पकडून ती फाकवता येतील अशी. प्रश्न उरला, फाकवणार कोण? अक्का म्हणाल्या, "तू नको. तुह्या हाताले लागलं की वस्तू गायब व्हते." मॅडमनी नानांकडे पाहिलं. नाना दाराकडे पाहू लागले.

"चार मानसांत बायकोचा पाय धरू मी?"

"धरा," अक्का चष्म्यातून म्हणाल्या. "चाळीस सालांत कधी धरला नाही. अन् हा तर अठी नाहीच, कोनाले दिसतो?"

नानांनी दांडी हातात घेतली. केळीचा घड एका घावात उतरवणारा माणूस, पण ती त्यांनी अंडं धरावं तशी धरली. पडद्यावर त्यांचा पांढरा आभासी हात धाकटीजवळ गेला, जोडव्याची टोकं धरली आणि केसाएवढी फाकवली.

"हळू," अक्का म्हणाल्या. मग जरा वेळाने, "अजून जरासं." मग त्यांनी श्वास सोडला. तो श्वास किती दिवसांचा होता कोण जाणे. व्हरांड्यातल्या बाकावर बसलेल्या दोन-तीन माणसांनी तो ऐकला आणि आत डोकावून पाहिलं.

कळ एका दिवसात गेली असं नाही. रोज यायचं, रोज जरासं सैल करायचं. अक्का सांगत, आज चिमटा घेतल्यासारखं लागतं, आज पदर ठेवल्यासारखं लागतं, आज नुसतं हाये. एके दिवशी नानांना सर्दी झाली म्हणून मी दांडी हातात घेतली आणि एकाच झटक्यात जोडव्याची बांगडी केली. अक्का इतक्या हसल्या की खुर्ची मागे गेली. "आता हे तूच तुह्या हातात भर."

कळ कमी झाली तसा कृत्रिम पाय चढला. आता चालणं. मशीनमध्ये समुद्रकिनारा लावला तर अक्का दोन पावलांत थांबल्या. "इतकं पानी, अन् एक केळ नाही?" मग मी नानांकडून बागेचे व्हिडिओ मागवले आणि त्यांवरून केळीची बाग बनवली. ओळी, पानं, ओळींमधून जाणाऱ्या ठिबकच्या नळ्या, सगळं. घडही टांगले. अक्का आत शिरल्या आणि त्यांनी नानांना हाक मारली. "अवो, हे पाहा काय करून ठेवलं यानं!" मी घडातली सगळी केळी खाली तोंड करून लावली होती. केळी देठापासून वर वळतात हे त्या भागातल्या बकरीलाही माहीत असतं. आम्हा धुळ्याकडच्यांना केळी बाजारातल्या पाटीत भेटतात, तिथे ती कशीही पडलेली असतात. ती गोष्ट नानांनी गावात सांगितली, आणि पुढे मी तिकडे गेलो की लोक मला केळं देताना "हे वरचं टोक" असं दाखवून देऊ लागले.

बाग दुरुस्त केली. अक्का चालण्याच्या सरावासाठी लावलेल्या दोन आडव्या दांड्यांच्या मधून चालत, आणि चष्म्यात ठिबकची नळी आली की पाय उचलून ओलांडत. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, बाई गुळगुळीत फरशीवर काय ओलांडते आहे! नाना रोज बातमी आणत. घड भरत आला. फळाची धार मोडत आली, म्हणजे केळं गोल होत आलं. व्यापाऱ्याचा माणूस पाहून गेला. एका सकाळी त्यांनी दारातूनच सांगितलं, "चार दिवस. त्याच्यावर बाग थांबनार नाही." अक्कांनी त्या दिवशी दांड्या सोडल्या.

कापणीच्या सकाळी मलाही बोलावणं होतं. बांधापर्यंत अक्का बैलगाडीतून आल्या, तिथून उतरल्या. हातात हळदकुंकवाचं ताट होतं, म्हणून काठी घेतली नव्हती. मुलगा मागे, सून बाजूला, आणि सगळे हात पुढे करून चालत होते, जणू कोंबडी पकडायची आहे. अक्का ओळीत शिरल्या. पहिली नळी ओलांडली. दुसरी ओलांडली. पहिल्या केळीजवळ पोहोचून त्यांनी बोटाने कुंकू लावलं, मग मागे वळून नानांना म्हणाल्या, "उतरवा." मी हे सगळं मोबाइलवर टिपत मागे मागे सरकत होतो. नळी मी स्वतः शंभर वेळा काढली होती, पण ती मशीनमध्ये. खऱ्या नळीत पाय अडकला आणि मी पाठीवर चिखलात. व्हिडिओत नाना घड उतरवताना दिसत नाहीत, नुसतं आभाळ दिसतं आणि आवाज येतो, "याले बी घेऊन जा दांड्यांमधी, चालाले शिकवा."

त्यानंतरच्या पावसाळ्यात नाना गेले. सकाळचा चहा पिऊन खाटेवर जरा पडले, ते उठलेच नाहीत. मी भेटायला गेलो आणि ओट्यावर बसून परत आलो.

दोन-अडीच महिन्यांनी एके दुपारी केंद्राच्या दारात अक्का उभ्या. एकट्या, एसटीने आलेल्या. जिना त्यांनी कठड्याला हात न लावता चढला होता. मी पाहिलं, थोरलीच्या बोटात जोडवं नव्हतं. तिथे फिकट गोरं वळं उरलं होतं.

"बाया आल्या व्हत्या," त्या बसत म्हणाल्या. "दहाव्याले. म्हनल्या, जोडवी उतरवा लागतीन. मी म्हनलं, एक हाये ते घ्या. दुसरं धाकटीच्या पायात हाये. ती कोठी हाये ते शोधा, अन् काढा. बसल्या एकमेकीच्या तोंडाकडं पाहत." हसल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "नानांच्या खिशात व्हतं ते त्याह्यच्यासंगच जाऊ देलं. पन ते जे त्याह्यनं त्याह्यच्या हातानं सैल केलं व्हतं, ते हाये ना रे तुह्याकडं? का पुसलं?"

नव्हतं पुसलं. 'धाकटी' नावाने ठेवून दिलं होतं. मी तसं सांगितलं. अक्कांनी चष्मा स्वतःच चढवला, हात मांडीवर ठेवले आणि खाली मान घालून बसल्या. मी मशीनकडे वळलो. मला अक्षरं नीट दिसत नव्हती. बाही डोळ्यांवर फिरवली, आणि दाबलं.

अक्का खाली पाहत राहिल्या. बराच वेळ. मला वाटलं, भरून आलं असेल. मी पाण्याचा ग्लास हातात घेऊन उभा राहिलो. मग माझी नजर पडद्यावर गेली. बूट. दोन्ही पायांत. वर केस.

"माहा पाय गेला," चष्म्याआडून अक्का सावकाश म्हणाल्या. "तुहे नाना गेले. तुही अक्कल तेवढी गेली नाही रे भो. ती आलीच नव्हती."